कार्कामो आणि मुलं

कोल्माय, चिलोए बेट
डिसेंबरचा पहिला रविवार

प्रिय नेलिदा,

पाकीट पाहून घाबरू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे, आणि आपला ट्रकसुद्धा शिव्या खात का होईना पण चालतो आहे. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर आपण दोघी काय बोलतो ते मला आता पाठ झालंय. तू विचारतेस, पाऊस आहे का. मी म्हणते, चिलोएत पाऊस नसला तर कळवीन. मग मी विचारते, तिकडे पुंता आरेनासला वारा काय म्हणतोय, आणि तू म्हणतेस, माणसं खांबांना धरून चालली आहेत. दोघी हसतो आणि फोन ठेवतो. शाळेत एका बाकावर बसून आपण इतकं बोलायचो की बाईंनी मला खिडकीपाशी आणि तुला दारापाशी बसवलं होतं. पुढे तू माझ्याच भावाशी लग्न करून माझ्याच घरात आलीस तेव्हा आई म्हणाली होती, आता या दोघींना वेगळं कुठं बसवू? आणि आता वीस वर्षं हवामानाच्या पलीकडे आपण गेलेलो नाही. म्हणून आज जेवणं उरकून, चूल सारखी करून, चहाची किटली जवळ घेऊन बसले आहे.

निमित्तही आहे. फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाला मी बाबांच्या बांधकाम कंपनीबद्दल चार शब्द बोलावेत, असं चर्चच्या मंडळींनी माझ्या गळ्यात घातलंय. मला ट्रक उताराला मागे घेता येतो, भाषण येत नाही. म्हटलं, आधी तुला सांगून बघावं. तू जांभई दिलीस तरी इथून दिसणार नाही.

सुरुवात तुला ठाऊक आहे, पण तू ती बाबांकडून ऐकलीस, आणि बाबा दोन वाक्यांत सगळं उरकतात. आई सांगायची ते वेगळं होतं. साठ सालच्या भूकंपाआधी बाबांनी आयुष्यात एकही घर बांधलेलं नव्हतं. ते नावा बांधायचे. समुद्र आधी मागे गेला, मग आला, आणि खालच्या वाटेवरची सगळी घरं घेऊन गेला. आमचंही गेलं. आई तेव्हा गरोदर, नोल्बेर्तो पोटात. टेकडीवर बाबांची एक अर्धवट नाव उभी होती, फासळ्या बसवलेल्या, अर्ध्या फळ्या मारलेल्या. बाबांनी चार शेजारी बोलावले, ती नाव उपडी केली, उरलेल्या फळ्या मारल्या आणि आईला म्हणाले, आत ये. नोल्बेर्तोचा जन्म त्या नावेखाली झाला. आई म्हणायची, वर पाऊस वाजत होता आणि मला वाटत होतं आपण सगळे समुद्राच्या तळाशी बसून आहोत, फक्त कोरडे.

लोक ते बघायला यायचे. आधी हसायला आले, मग त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या कोल्मायमध्ये न गळणारं छप्पर हे एकच आहे. विधवा क्लोरिंदा नाउएल्किन पहिली आली. म्हणाली, बेलार्मिनो, मला असंच एक बांधून दे, पण सरळ उभं राहता येईल असं. बाबा म्हणाले, मला घर येत नाही. ती म्हणाली, मग नावच बांध, मी दार पाडून घेईन. तिच्या घराच्या भिंती मधे फुगलेल्या होत्या, आठवतं? बाबांना तोवर सरळ भिंत जमतच नव्हती. गावातले टगे म्हातारीला चिडवायचे, पुढच्या वेळी लाट आली की तुझं घर तरंगत जाईल, वल्ही तेवढी घेऊन ठेव. पण भूकंपानंतर बांधलेली कितीतरी सरळ भिंतींची घरं पुढच्या वादळांत वाकडी झाली आणि ते फुगीर घर जागचं हललं नाही. मग एकेक माणूस येऊ लागला. पैसे कुणाकडेच नव्हते. कुणी बटाटे दिले, कुणी मेंढी, कुणी डोंगरातून ओंडके ओढायला बैलजोडी. बाबा घर बांधायला शिकले ते लोकांच्या घरांवरच.

फळीवर कंपनीचं नाव रंगवलं ते नोल्बेर्तो शाळा सोडून कामाला लागला तेव्हा. 'कार्कामो आणि मुलं, बांधकाम.' आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून वाचलं आणि म्हणाली, मुलं कुठली? मला एक मुलगा दिसतोय. बाबा म्हणाले, दुसरी ट्रक धुतेय. मी खरंच ट्रक धूत होते. त्या दिवशी मी भिजलेल्या हातांनी किती वेळ ती फळी बघत उभी राहिले असेन ते कुणालाच कळलं नाही. बेटावर तेव्हा पोरी लोकर विणायच्या किंवा कास्त्रोत दुकानात उभ्या राहायच्या. मी ओंडके आणायला डोंगरात जायचे. तू माझ्या हातांचा वास घेऊन म्हणायचीस, तुला नवरा नको, करवतच पाहिजे. नवरा नाहीच मिळाला, आणि त्याचं मला दुःखही झालं नाही. तुला माझ्या भावाकडे बघताना मी पहिल्यांदा पकडलं तेही ट्रकच्याच आरशात.

आता जे येणार ते भाषणात येणार नाही. तुझ्यापुढेही ते मी कधी बोलले नाही, कारण तू बोलू दिलं नाहीस, आणि तुझा तो हक्क होता.

चर्चच्या मनोऱ्याची कौलं बदलायचं काम नोल्बेर्तोनं अर्ध्यावर आणलं होतं. लाकडी कौलं, एकेक हातानं तासलेलं. वारा उत्तरेकडून फिरला, परांचीची फळी उलटली. तेवढंच. मी खाली ट्रकमध्ये होते, तू कडेवर यास्नाला घेऊन पाव द्यायला आली होतीस. कुणी काही चुकवलं नव्हतं, नेलिदा. तेव्हा सगळे दोराशिवाय तसेच चढायचे, बाबाही, नोल्बेर्तोही, पाठीला फक्त कौलांची पिशवी. पण तुला ते कसं सांगायचं? दफनाच्या दिवशी पाऊस पडत होता आणि तू बाबांसमोर उभी राहून म्हणालीस, "तुमच्या कंपनीनं माझा माणूस खाल्ला. माझ्या पोरीला मी या लाकडाचा वाससुद्धा लागू देणार नाही." बाबांनी टोपी काढली. मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, "माझ्या हातून तिच्या हातात हत्यार जाणार नाही. शब्द देतो." दुसऱ्या आठवड्यात तू बोटीत बसलीस. यास्नानं लाल टोपडं घातलं होतं आणि ती धक्क्यावरच्या सगळ्यांना हात हलवत होती, जणू जत्रेला निघालीय.

त्यानंतर इथं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. बाबांनी लाकूडकामाच्या कारखान्याला कुलूप घातलं. फळी उतरवली नाही, पण तिच्याकडे बघायचं टाकलं. ते बटाटे लावायचे, समुद्रावर जायचे, परत यायचे. आई गेली ती त्याच काळात. मी ट्रकमधून दुसऱ्यांचे मासे आणि दुसऱ्यांची लाकडं वाहायचे. मग एका हिवाळ्यात शाळेचं छप्पर वादळानं उचलून कुंपणापलीकडे नेऊन ठेवलं. मुख्याध्यापिका बाबांकडे आल्या. बाबा म्हणाले, आमच्याकडे आता कुणी नाही. मी दारात उभी होते. मी म्हटलं, मी आहे. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आता दुसऱ्यांदा त्यांचं पोर मारायला निघालेय.

जुन्यांपैकी एल्पिदियो मिल्याकुरा आणि त्याचा भाचा तयार झाले. मी कास्त्रोहून दोर आणि कमरेचे पट्टे आणले, जसे विजेच्या खांबांवर चढणारे लावतात. एल्पिदियोनं ते दोन बोटांत धरून उचलले, मेलेला उंदीर उचलावा तसे. म्हणाला, "म्हणजे आता या वयात दावं बांधून चरायचं?" मी म्हटलं, "दाव्याशिवाय गेलेल्याला मी पुरलंय, एल्पिदियो. चढायचं तर बांधून. नाहीतर खाली बसून पाव खा, पगार तोच देईन." तो स्वतःच पट्टा कसू लागला. गावात वर्षभर आम्हाला 'कार्कामोच्या बकऱ्या' म्हणायचे. कुणी वरून बें बें करायचं. त्या दिवसापासून आजपर्यंत आमचं माणूस दोराशिवाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेलेलं नाही, आणि आमच्या कामावर कुणाचं हाडही मोडलेलं नाही. एल्पिदियोचा पाय मोडला, पण तो लग्नात नाचताना. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. तुला हे कळायला हवं होतं एवढंच.

पुढची वर्षं बरी म्हणावीत अशी नव्हती. साल्मन माशांचे कारखाने आले, पगार चांगला, वर छप्पर, त्यामुळे हाताखालची पोरं एकेक करून तिकडे गेली. सरकारी योजनेतली सिमेंटची घरं आली, सगळी एकासारखी एक, आतून ओली. लोक म्हणायचे, लाकूड म्हणजे गरिबी. आम्ही कुंपणं केली, कोंबड्यांची खुराडी केली, शवपेट्याही केल्या. मग माशांवर रोग आला, कारखाने बंद पडले, आणि पोरं टोप्या हातात घेऊन परत आली. त्याच सुमाराला सिमेंटच्या घरात राहून छातीत कफ भरलेल्या बायका मला विचारायला लागल्या, एदेल्मिरा, आतून लाकूड मारून देशील का? आम्ही भिंतीत लोकर भरायला शिकलो. खरी मेंढीची लोकर, इथं ती कुंपणाला अडकून फुकट जाते. आता गावचा दवाखानाही आम्हीच बांधलाय. बाळंतपणाची खोली पूर्वेला आहे, आणि छप्पर बाबांच्या हट्टामुळे उपड्या नावेसारखं आहे. तिथं पहिलं मूल झालं तेव्हा बाबा स्वतः बघायला गेले आणि छताकडे बघून परत आले, बाळाकडे बघायचं विसरले.

कंपनीत आज आम्ही नऊ जण आहोत. त्यातला नववा माणूस म्हणजे यास्ना.

लिहिलं एकदाचं. थोडा चहा घेते.

ती कास्त्रोत कुठल्या ऑफिसात नाही, नेलिदा. कॉलेज तिनं सोडलं हे तिनं तुला सांगितलं, ते खरं. ऑफिसचं खोटं. गेल्या उन्हाळ्यात ती इथं आली ती पाठीवर बॅग टाकून, म्हणाली, आत्या, आठवडाभर राहते. मला वाटलं आजोबांना भेटायला आलीय. पहिल्या दिवशी ती कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आत गेली नाही, नुसती उभी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, वाल्दिवियात मी हिशेब शिकत होते आणि वर्गाच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची परांची बघत होते, परीक्षेतसुद्धा. मला वाटायचं मला वेड लागलंय. इथं आल्यावर कळलं, वेड नाही, वास आहे. मी तिला तिथल्या तिथं सांगितलं, तुझ्या आईचं काय म्हणणं आहे ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत आहे, लहानपणापासून माहीत आहे.

बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती कारखान्यात आली की ते मागच्या दारानं बाहेर. ती रंधा हातात घेईल म्हणून ते हत्यारं पेटीत ठेवून पेटीवर बसायचे, आणि बसून राहिले की त्यांची कंबर धरायची. शेवटी एकदा जेवताना ते माझ्याकडे बघत, तिच्याबद्दल, म्हणाले, "हिला सांग घरी जा. हिच्या आईला मी शब्द दिलाय." यास्नानं चमचा खाली ठेवला. अगदी नोल्बेर्तोसारखा, आवाज न करता. म्हणाली, "आजोबा, आईनं शब्द मागितला, तुम्ही दिलात. मी मधे होते, टोपडं घालून. मला कुणी विचारलं?" बाबा उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी पेटीवर बसले नाहीत.

मी तिला कामावर घेतलं. मीच घेतलं, बाबांनी नाही. कंपनी मी चालवते, त्यामुळे राग यायचा तर माझा येऊ दे. फक्त जमिनीवरचं काम, एवढी अट घातली. लाकूड निवडणं, कौलं तासणं, भिंतीत लोकर भरणं. सुरुवातीला ती वाईट होती, खोटं कशाला सांगू. तासलेली निम्मी कौलं चुलीत गेली. एल्पिदियो म्हणायचा, या पोरीमुळे आमचा हिवाळा उबदार जाणार. ती हसायची आणि पुढचं कौल घ्यायची. दर आठवड्याला मी म्हणायचे, आईला सांग. ती म्हणायची, पुढच्या आठवड्यात. तुझ्याशी फोनवर बोलताना तिचा चेहरा मी बघितलाय. तू ऑफिसात जेवण बरं मिळतं का विचारायचीस आणि ती हो म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर बाहेर जाऊन लाकडं फोडत बसायची, गरज नसताना.

आणि मग मनोरा. वीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. आम्ही लावला नाही, आणि आम्ही लावत नाही म्हणून गावानंही कुणाला लावू दिला नाही. पण यंदाच्या पावसात पाणी थेट वेदीवर पडायला लागलं. बाहेरच्या एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं खालूनच बघितलं आणि म्हणाला, मनोरा उतरवा, पत्रा ठोका, दोन दिवसांचं काम. गावाची सभा बसली. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं, सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. बाबा मागे बसले होते. ते उठले आणि म्हणाले, मनोरा कार्कामोंचा आहे, कार्कामो करतील. मी चढेन. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, नेलिदा, ज्याला बुटाची नाडी बांधायला खुर्ची लागते. कुणी हसलं नाही. घरी येताना यास्ना त्यांच्या शेजारून चालत होती. ती म्हणाली, "तुम्ही चढलात तर मला खाली उभं राहून बघावं लागेल. आईनं एकदा ते केलंय. मी करणार नाही. मी चढते, तुम्ही दोर धरा."

बाबा वाटेत थांबले, कुंपणाला धरून. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "एदेल्मिरा, मी शब्द मोडणार आहे. नेलिदाला तू सांग, तिच्यापुढे उभं राहायची माझ्यात ताकद नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी तिचा पट्टा स्वतः बांधला. बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग दोराचं टोक आपल्या कमरेभोवती घेऊन चर्चच्या पायरीवर बसले आणि काम संपेपर्यंत रोज तिथंच बसले. जेवण तिथंच. एल्पिदियो म्हणाला, द्या मी धरतो थोडा वेळ, तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तसे वर आणखी दोन दोर होतेच, मी बाबांच्या कमरेवर भरवसा ठेवणारी नाही. पण ते त्यांना सांगितलं नाही. मी मात्र पहिला अख्खा दिवस ट्रकमध्ये बसून होते, तोंड भिंतीकडे करून. संध्याकाळी ती खाली आली आणि खिडकीवर टकटक केली तेव्हा मला कळलं की मी स्टिअरिंग सोडलंच नव्हतं.

ती म्हणाली, आत्या, वर ये, तुला काहीतरी दाखवायचंय. मी वर गेले. मी, जी वीस वर्षं त्या मनोऱ्याच्या बाजूनं गाडीही लावत नव्हते. पूर्वेच्या अंगाला, जिथवर नोल्बेर्तो पोचला होता, तिथवर त्याची कौलं जशीच्या तशी होती. करडी झालेली, शेवाळलेली, पण एकही हललेलं नाही. पाणी त्या अंगानं आलंच नव्हतं. ते येत होतं जिथं तो पोचला नाही तिथून. तिनं शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या कौलावर हात ठेवला. ते अर्धंच ठोकलेलं होतं, एक खिळा बसलेला, दुसऱ्याची जागा मोकळी. ती रडली नाही. मी रडले, आणि दोराला लटकून रडणं फार गैरसोयीचं असतं एवढं तुला सांगते. मग तिनं खिशातून खिळा काढला आणि तो ठोकला, आणि तिथून पुढे आपलं पहिलं कौल लावलं.

त्याची बाजू आम्ही काढली नाही. आता पूर्वेकडून मनोरा दोन रंगांचा दिसतो, खालून करडा आणि वर तांबूस, आणि बोटीतून येणाऱ्यांना लांबून नेमकं कळतं की कुठं एकाचं काम थांबलं आणि दुसरीचं सुरू झालं. पाद्री म्हणाले, एकसारखा रंग द्यायचा का? अख्ख्या गावानं नाही म्हटलं. दोन हिवाळ्यांत तोही करडा होईल, लाकडाचं तसंच असतं.

भाषणाचं निमित्त खरं आहे, पण त्यासाठी मी रविवार घालवला नसता. यास्ना नाताळला तुझ्याकडे येतेय. तिकीट काढलंय, येत्या एकोणीस तारखेला संध्याकाळी पोचेल, आणि तुला सगळं स्वतः सांगायचं असं तिनं ठरवलंय. रोज रंधा मारताना ती पुटपुटत असते, मला ऐकू येतं, रोज सुरुवात वेगळी. मी लिहिलंय हे तिला माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस. तिला तुझी परवानगी नकोय, ती मोठी आहे. तिला तुझ्यासमोर खोटं न बोलता बसायचंय, एवढंच. तुला ओरडायचं असेल, भांडी आपटायची असतील, नोल्बेर्तोच्या फोटोशी भांडायचं असेल, बाबांना आणि मला शिव्या द्यायच्या असतील, तर ते सगळं हे पत्र हातात असताना करून घे. त्यासाठीच ते आधी पाठवतेय, पुरेसे दिवस ठेवून. फोन केलास तर मी हवामान सोडून काहीही ऐकायला तयार आहे. आणि ती दारात उभी राहील तेव्हा तिचे हात बघून काही बोलू नकोस, त्यांना घट्टे पडलेत आणि डाव्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. आधी जेवायला वाढ. बोलायची भीती वाटली की तिला फार भूक लागते.

तुझ्या बाकावरची, तुझीच
एदेल्मिरा